अडीच ते सहा, सगळी एकाच पडवीत

प्रश्न : खानापूर तालुक्यात राहत्या घराची एक खोली आणि पडवी एवढ्या जागेत मी बालवाडी चालवते. अडीच ते सहा वर्षांची दहा मुलं आहेत. धाकटी मोठ्यांचा मांडलेला डाव उधळतात, मोठी कंटाळतात. चौघांच्या घरी कन्नड बोलतात. वयाप्रमाणे दोन गट करू का?

उत्तर : मुलांचे नको, सामानाचे करा. भिंतीला दोन फळ्या ठोका. खालची जमिनीपासून वीतभर उंच. तिच्यावर ठोकळे, वाट्या, चिंधीच्या बाहुल्या. वरचीसाठी धाकट्यांतल्या सर्वांत उंच मुलाला हात वर करायला लावा आणि त्याच्या बोटांच्या चार बोटं वर खूण करा. जवळपास पाट किंवा स्टूल राहू देऊ नका, ती चढतातच. मणी, चिंचोके, कात्री या फळीवर. ३ सेंटिमीटरहून लहान वस्तू घशात अडकू शकते, आणि चिंचोका तर नाकातही जातो. गुंजा मात्र घरातच नकोत; चावलेली गुंज जीवघेणी असते. खाऊला अख्खे शेंगदाणे देऊ नका, कुटाचे लाडू करा.

बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही आसपास मिळणाऱ्या वस्तू हाताशी धरूनच. त्यामुळे महागडे संच आणले नाहीत म्हणून अडत नाही.

डाव उधळतो, कारण तो येण्याजाण्याच्या वाटेत मांडलेला असतो. तो कोपऱ्यात, पाटावर मांडू द्या. जेवून धाकटी झोपली की पाऊण तास निव्वळ मोठ्यांचा. गोष्ट मात्र सगळ्यांना एकच : पहिली सात-आठ मिनिटं हातवारे, आवाज; मग ज्याला उठायचं त्यानं उठावं, उरलेल्यांना ‘पुढे काय झालं असेल?’ विचारावं. ताईगिरी-दादागिरी हात धुताना पाणी घालणं आणि चटया अंथरणं एवढीच. मोठ्यांना दिवसभर धाकटी सांभाळायला लावलीत तर पालक मूल काढून नेतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

कन्नडचं म्हणाल तर प्रत्येक वाक्य दोनदा बोलू नका. मूल आपल्या भाषेची वाट बघत बसतं, दुसरी ऐकतच नाही. त्यापेक्षा प्रसंग वाटून घ्या : हात धुणं आणि जेवण कन्नडमधून. बा (ये), कुंद्रु (बस), नीर (पाणी), ऊटा (जेवण) एवढ्यावर सुरुवात होते, आणि मराठी मुलांनाही ते हवंच असतं. एखादं मूल काही महिने गप्प राहील. बोलतं करायला खोदून विचारू नका, अभिनयगीतात हात हलवतंय का बघा.

पावसाळ्यात अंगण बंदच. तेव्हा खोलीत जमिनीवर लांब दोरी पसरून तिच्यावरून चालायला लावा. मोठ्यांच्या हातात पाण्यानं अर्धा भरलेला पेला द्या, धाकट्यांना रिकामा.