आईची श्रद्धा माझ्यात नाही. मग तिच्याबद्दल मी काय बोलू?

"पाच मिनिटं बोलायचंय फक्त, मॅडम. आणि गेले पंधरा दिवस मी 'माझी आई' या दोन शब्दांपुढे सरकलेले नाही."

मी समुपदेशक; समोर बसलेल्या बाई पंचेचाळिशीच्या. आयुष्य हिशेबतपासणीत गेलेलं, त्यामुळे बोलणंही ताळेबंदासारखं: आई जाऊन दहा महिने, पाठीमागे तीन मुलं, पाच नातवंडं. वर्ष पुरं होईल त्या दिवशी सगळे जमणार होते आणि धाकट्या भावानं प्रत्येकाला आईविषयी थोडं लिहून आणायला सांगितलं होतं. भावाचं लिहून झालंही होतं. थोरल्या बहिणीचंही.

(परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धर्म कोणता, ते मुद्दाम सांगत नाही. सांगितला की बाकीचे वाचक 'आमच्यात असं नसतं' म्हणून मोकळे होतात, आणि माझ्याकडे ही अडचण घेऊन सगळ्याच धर्मांची माणसं येतात.)

अडचण साधी होती. आई पहाटे साडेचारला उठून प्रार्थनेला बसायची. घरात कोणाचं दुखलंखुपलं, कोणाची परीक्षा, कोणाचं बाळंतपण, सगळं त्या बैठकीत देवाच्या कानावर जायचं. ही मधली मुलगी मात्र कॉलेजात असतानाच देवाधर्मापासून दूर झाली ती कायमचीच. त्यावरून मायलेकींचे खटके उडायचे. शेवटच्या आजारपणाआधी फोनवर असाच एक खटका उडाला होता. आई म्हणाली होती, "तू नको मागूस. तुझ्या वाटचं मी मागते." हिनं फोन आपटला होता.

"आता तिच्या श्रद्धेचं कौतुक केलं तर ते ढोंग. श्रद्धा वगळून बोलले तर तिच्यात उरतं काय? आणि गप्प बसले तर कृतघ्न. तुम्हीच सांगा."

जाता जाता उंबऱ्यात थांबून त्यांनी आणखी एक विचारलं. आमच्याकडे खरा प्रश्न बऱ्याचदा असा उंबऱ्यातच बाहेर पडतो. "मी अजून तिच्याशी बोलते. गाडी चालवताना. मोठ्यानं. हे ठीक आहे ना?"

त्या पहिल्या भेटीत मी एक चूक केली. पुस्तकी उपाय दिला: आईला पत्र लिहून आणा. अनेकांना तो लागू पडतो. पुढच्या आठवड्यात त्या दोन पानी पत्र घेऊन आल्या. अक्षर मोत्यासारखं. त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, देवमाणूस, काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. वाचून झाल्यावर मी विचारलं, "यातली बाई कोण?"

त्यांनी कागदाची घडी केली. "माझ्या भावाची आई," म्हणाल्या.

तिथून आमचं काम सुरू झालं, असं मी मानते. गेलेल्या माणसाला आपण पहिल्या काही महिन्यांत उंच चौथऱ्यावर बसवतो. त्यात गैर काही नाही, दुःखाला तेवढा आडोसा लागतो. पण श्रद्धाळू आईच्या बाबतीत चौथरा आयताच मिळतो. सगळे मिळून तिची एक मूर्ती घडवतात आणि तिच्याशी आयुष्यभर भांडलेल्या मुलाला वाटतं, या मूर्तीशी माझं काही नातंच नव्हतं. मग तो आठवणींच्या बैठकीत मागच्या रांगेत बसतो.

मी म्हटलं, लिहू नका. तिची एखादी वस्तू घेऊन या.

तिसऱ्या भेटीला त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली माळ आणली. दहा महिने कपाटात होती, हात लावला नव्हता. प्रार्थनेची माळ अनेक धर्मांत असते. कुठे 108 मण्यांची, कुठे 99 किंवा 33, कुठे 59. मणी बोटांनी ओढायचे म्हणजे मोजदाद डोक्यात ठेवावी लागत नाही आणि हातांना चाळा मिळतो, ही सोय सगळ्यांनाच सुचलेली. ही माळ वापरून वापरून गुळगुळीत झालेली, मणी एका बाजूनं चपटे, दोरा दोनदा बदललेला. मधेच एका मण्याच्या जागी एक बटण ओवलेलं होतं. पांढरं, चार भोकांचं, शाळेच्या सदऱ्याला असतं तसं.

"मणी फुटला असेल," त्या म्हणाल्या. "आई काही टाकून द्यायची नाही."

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून त्यांची नऊ वर्षांची मुलगी बाहेर बसली होती. पाणी मागायला आत आली आणि टेबलाकडे पाहून म्हणाली, "अगं, आजीची माळ! हे तुझं बटण."

"माझं?"

"तुझ्या शाळेच्या ड्रेसचं. आजी एकेका मण्याला एकेक नाव घ्यायची ना. इथं आली की म्हणायची, ही तुझी आई, इथं जास्त वेळ लागतो."

आणि पाणी पिऊन ती बाहेर गेली.

बाई आधी हसल्या. मोठ्यानं. मग रडल्या, बराच वेळ. (माणूस रडलं म्हणजे समुपदेशन फळलं असं मी कधीच मानत नाही. काही माणसं न रडताही पार होतात, काही रोज रडून जागच्या जागी राहतात. पण त्या दिवशीचं हसू महत्त्वाचं होतं.) 'इथं जास्त वेळ लागतो' हे वाक्य भावाच्या त्यागमूर्तीच्या तोंडी कधी आलं नसतं. ते त्यांच्या आईचं होतं: खवचट, चिकट, आणि लेकीला शेवटपर्यंत न सोडणारी.

आता तो उंबऱ्यातला प्रश्न. मनातल्या मनात किंवा मोठ्यानं, गेलेल्या आईशी बोलणं ठीक आहे का?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं उत्तर जरा सविस्तर देते. लोकांच्या डोक्यात शोकाच्या पाच पायऱ्या पक्क्या बसल्या आहेत: नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी त्या 1969 साली मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या, आणि मग माणसं स्वतःलाच परीक्षेला बसवू लागली की मी अजून तिसऱ्याच पायरीवर कशी. त्याच्याही आधी, 1917 साली, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी लिहिलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेण्याचं काम. पुढे 1920 साली त्यांची स्वतःची मुलगी इन्फ्लुएन्झानं गेली. नऊ वर्षांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तेच फ्रॉइड म्हणतात की ती जागा कधी भरून निघत नाही, आणि तसंच असायला हवं, कारण प्रेम टिकवण्याचा तोच एक मार्ग आहे. सिद्धान्तापेक्षा मला हे पत्र जास्त खरं वाटतं.

1996 साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तीन अभ्यासकांनी ही गोष्ट नीट मांडली: गेलेल्या माणसाशी नातं तुटावंच लागतं असं नाही, त्याचं रूप बदलून ते चालू राहतं. त्याआधी 1971 साली वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी 293 विधवा-विधुरांशी बोलून पाहिलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवल्याचं सांगितलं. बहुतेकांनी ते तोवर कोणाला सांगितलंही नव्हतं. लोक हसतील म्हणून. तेव्हा गाडीत आईशी बोलणाऱ्या बाई एकट्या नाहीत.

काळजी केव्हा करायची, तेही सांगितलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'लांबलेला शोक' ही वेगळी नोंद आहे: किमान सहा महिने उलटूनही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र, जवळजवळ सतत, आणि रोजचं जगणं ठप्प. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या नियमावलीत मोठ्यांसाठी ही मुदत बारा महिन्यांची आहे. नुसत्या महिन्यांच्या आकड्यावर जाऊ नका. झोप, जेवण, काम, मुलांकडे लक्ष हे सगळं कोसळलंय का, जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय का, 'मीही तिच्याकडे जावं' असे विचार येतात का, हे बघायचं. शेवटचं 'हो' असेल तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा, थांबायचं नाही. या बाई कामावर जात होत्या, झोपत होत्या, मुलीच्या विनोदाला हसत होत्या. फक्त गाडीत आईशी वाद घालत होत्या. म्हटलं, घाला. पण तिचीही बाजू ऐकून घ्या.

चौथ्या भेटीत त्या आपणहून एक आठवण घेऊन आल्या. वडील गेले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यानंतरही आई पहाटे उठून आपल्या जागी बसायची. एकदा अभ्यासाला लवकर उठल्यावर त्यांनी पाहिलं, की आईचे ओठ हलत नाहीत. माळ मांडीवर तशीच पडलेली. विचारलं तर आई म्हणाली, "बसलेय नुसती. त्याच्याशी बोलत नाही मी सध्या."

किती दिवस चाललं? "दोनेक महिने असेल. एक दिवस पुन्हा पुटपुटणं ऐकू आलं. काय झालं, कधीच सांगितलं नाही."

मी त्यांना मदर तेरेसांविषयी सांगितलं. त्यांची पत्रं 2007 साली छापली गेली तेव्हा जगाला कळलं की देव जवळ नाही ही भावना त्यांच्या मनात कित्येक दशकं होती, आणि काम मात्र चालू होतं. दीर्घकाळ श्रद्धा धरून ठेवणाऱ्यांच्या घरात देवाशी अबोला हा असतोच. लेकरांना तो दिसत नाही, कारण आई त्या दिवशीही साडेचारलाच उठते. बाहेरून पाहणाऱ्याला श्रद्धा म्हणजे अखंड दिवा वाटतो. जवळून पाहिलं की वात किती वेळा सरकवली ते कळतं.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तिला ठाऊक होतं. माझं काय चाललंय ते." इथं मी काहीच बोलले नाही. असं काही हाती लागलं की समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं, आणि मला ते फार उशिरा शिकता आलं.

मुलीचा प्रश्न मात्र बाकी होता. तिनं विचारलं होतं, "आजी तिच्या देवाकडे गेली का?" आणि आई गडबडली होती. नऊ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे समजतं. साधारण सातव्या वर्षापर्यंत ती समज येते. त्यामुळे 'आजी झोपली', 'गावाला गेली' असली पांघरुणं नकोत. लहानांना तर नकोतच, मग ती झोपायला घाबरतात. पण इथं पेच वेगळा होता: आईचा ज्यावर विश्वास नाही ते मुलीला कसं सांगायचं? मी म्हटलं, वाक्याचा कर्ता नीट धरा. 'आजीचा विश्वास होता की ती देवाकडे जाणार. मावशीलाही तसं वाटतं. मला खात्री नाही. तू मोठी होशील तसं तुझं तू ठरव.' यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि आजीही त्यात लहान होत नाही. मुलीनं ऐकून विचारलं म्हणे, "तुला खात्री नाही हे आजीला माहीत होतं?" "होतं." "मग ठीक आहे."

बोलण्याचा मसुदा शेवटी एका बैठकीत झाला. मी फक्त एक पथ्य घातलं: विशेषण आलं की खोडायचं आणि तिथं आई काय करायची ते लिहायचं. 'प्रेमळ' गेलं, तिथं आलं की नातवंडांशी पत्ते खेळताना ती सर्रास लबाडी करायची, पान मांडीखाली दडवायची, आणि पकडली गेली की डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. 'श्रद्धाळू' गेलं, तिथं त्या अबोल पहाटा आल्या. आणि बटण. तो आपटलेला फोन लिहायचा की नाही यावर त्या अडल्या. मी मत दिलं नाही. त्यांनी लिहिला.

बैठकीनंतर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पाचाची सात मिनिटं झाली होती. पत्त्यांच्या लबाडीवर सगळी नातवंडं एकदम ओरडली, प्रत्येकाकडे आपापला पुरावा होता. भावाला देवाशी अबोल्याचं आवडलं नाही. 'आईबद्दल असं चारचौघांत बोलतात का' म्हणाला आणि जेवताना लांब बसला. थोरल्या बहिणीनं मात्र स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की तिनंही ते पाहिलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

भाऊ अजून थोडा फुगलेला आहे. त्याच्या आईला तसं राहू द्यायला काही हरकत नाही, असं मी म्हटलं. त्यालाही त्याची आई गेलीच आहे.

माळ आता मुलीकडे असते, कंपासपेटीत. शाळेत न्यायची नाही एवढी एकच अट घातली आहे. ती पाळली जाते असं बाईंना वाटत नाही.