नवरा जुनी लक्झरी एसयूव्ही घ्यायची म्हणतोय, मला भीती वाटते, काय करू?

हा प्रश्न घेऊन बरीच जोडपी येतात माझ्याकडे. त्यातलं हे एक मुलुंडचं, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. त्याला २०१८ ची लेक्सस एनएक्स ३००एच घ्यायची होती, सेकंड हँड, हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेली. ती म्हणाली, "मॅडम, बॅटरी गेली तर आम्ही कुठून भरायचे पैसे?" आणि तो म्हणे हिचं प्रत्येक गोष्टीला नाहीच असतं.

मी तिला विचारलं, ही भीती कधीपासूनची? तेव्हा कळलं की तिच्या बाबांनी कर्जावर टेम्पो घेतला होता, इंजिन बसलं, टेम्पो दारात उभा आणि हप्ते चालूच, घरात रोज कटकट. लग्नाला इतकी वर्षं झाली पण नवऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं. आणि त्याला एवढी मोठी गाडी कशाला, तर आईचे गुडघे गेलेत, छोट्या गाडीत बसून तिला चिपळूणपर्यंत जमत नाही, हे तो कधी नीट बोललाच नव्हता, नुसते गाडीचे फोटो दाखवायचा.

मग मी कामं उलटी वाटली. बॅटरीची चौकशी तिने करायची आणि खर्चाचा हिशोब त्याने लिहायचा. हे मी मुद्दाम करते, कारण ज्याला भीती वाटते त्याच्या हातात माहिती आली की भीती नेमकी होते, आणि ज्याला हौस आहे त्याने आकडे स्वतः लिहिले की ते त्याला खोटे वाटत नाहीत.

तिला कळलं की ही हायब्रिड चार्जिंगला लावावी लागत नाही, इंजिनवर आणि ब्रेक मारताना बॅटरी चार्ज होते, म्हणून खरी बचत सिग्नलच्या ट्रॅफिकमध्ये, हायवेवर कमी. व्हॉल्वो एक्ससी९० टी८ सारखी प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्जिंगला लावायची हायब्रिड घेतली तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉइंट हवा, म्हणजे आधी कमिटीची परवानगी. बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट आणि नव्या बॅटरीचं कोटेशन सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागायचं, वॉरंटी उरली असेल तर ती नव्या मालकाला मिळते का तेही.

त्याच्या हिशोबात निघालं की जुन्या गाडीच्या लोनचं व्याज नव्यापेक्षा जास्त, दिल्लीची गाडी स्वस्त दिसते पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा, आणि मुख्य म्हणजे गाडी अर्ध्या किमतीत मिळाली तरी तिचे पार्ट अर्ध्या किमतीत मिळत नाहीत. हे त्याने स्वतः वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा शांत बसून ऐकत होती.

पहिली गाडी तिनेच नाकारली, सीटबेल्ट पूर्ण ओढला तर आत चिखलाची रेघ, म्हणजे पुराच्या पाण्यात गेलेली. आता ठरलंय की बॅटरीच्या कोटेशनएवढी रक्कम आधी बाजूला ठेवायची, मगच गाडी. आरडी चालू आहे, आणि दर रविवारी दोघं मिळून गाड्या बघायला जातात.