आवाजाची नस छातीपर्यंत का जाते?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी बेळगावच्या खानापूर तालुक्यातली. एस.एस.एल.सी. (दहावी) मराठी माध्यमातून केली, आता पी.यू. सायन्सच्या पहिल्या वर्षाला (अकरावीला) आहे. बायॉलॉजीत माणसाच्या शरीराचे धडे ओळीनं आहेत : श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, स्नायू, मज्जासंस्था, हार्मोन्स. पाठ करते आणि आठ दिवसांत विसरते. उत्क्रांती दुसऱ्या वर्षाला आहे. शरीर समजायला ती लागते का, की तो वेगळाच भाग आहे? आणि वाचू कशात, मराठीत की इंग्रजीत?

उत्तर : लागते, पोरी. पुस्तकानं हे दोन भाग दोन वर्षांत टाकलेत, म्हणून मुलं त्यांची गाठ कधी घालतच नाहीत, आणि शिकवणाऱ्या माणसाला याचं फार वाईट वाटतं. अवयव कसा चालतो हे शरीरक्रिया सांगते. तो असाच का आहे, याहून सोयीचा का नाही, हे विचारलंस की पूर्वजांकडे जावंच लागतं.

एक काम कर. घरात मटण होत असेल तर रविवारी मटणवाल्याला बोकडाचं हृदय मागून घे, वरच्या जाड नळ्या न कापता. होत नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विनंती कर. आधी नुसतं हातात धर आणि अंगठ्यानं दाब. एक बाजू मऊ लागेल, आत जाईल. ती उजवी, तिला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं. दुसरी बाजू दाबली जाणार नाही. ती डावी, तिला रक्त खुरापर्यंत पोचवायचं असतं. मग उभा छेद घे. झडपांच्या पडद्यांना खालून ताणून धरणारे पांढरे दोरे दिसतील, पडदा उलटा फिरू नये म्हणून. हे एकदा बोटाला लागलं की चार कप्प्यांची आकृती पाठ करावी लागत नाही. तुझ्या छातीत तेच कप्पे, त्याच जागी, तेच दोरे आहेत.

आता बारकाईनं बघ. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या, फुफ्फुसाकडे जाणारी आणि महाधमनी, यांच्यामध्ये एक आखूड, घट्ट दोरी असते. चरबी खरवडलीस तर सापडते. गर्भात असताना ही उघडी नळी होती. गर्भाची फुफ्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून तिकडं निघालेलं बहुतेक रक्त या वाटेनं थेट महाधमनीत जातं. जन्मानंतर एक-दोन दिवसांत नळी आकसते, पुढच्या काही आठवड्यांत कायमची बंद होते आणि दोरी उरते.

याच दोरीच्या शेजारून एक नस जाते. विकत आणलेल्या हृदयावर ती दिसणार नाही, कापताना तुटलेली असते. मेंदूतून निघालेली व्हेगस नस मानेतून खाली उतरते, तिची एक फांदी स्वरयंत्राला हलवते. स्वरयंत्र तर गळ्यात, मग फांदीनं गळ्यातच वळावं. पण डावी फांदी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा गळ्यापर्यंत चढते. जिराफात हा फेरा काही मीटरचा होतो.

माशात ही वाट सरळ आहे. हृदय डोक्याजवळ, कल्ल्यांच्या कमानींतून जाणाऱ्या धमन्या एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येकीच्या मागून एक नस. आपल्या गर्भातही चौथ्या-पाचव्या आठवड्यात गळ्याच्या जागी तशाच कमानी आणि तशाच धमन्या तयार होतात. सहाव्या कमानीच्या धमनीखालून ही नस जाते. पुढं मान लांबते, हृदय छातीत उतरतं, धमनी खाली जाताना नसेला बरोबर घेऊन जाते. डाव्या बाजूला त्याच धमनीची ती गर्भातली नळी झाली. उजव्या बाजूला तिचा तो भाग नाहीसा होतो, म्हणून उजवी नस वरच, खांद्याकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून परतते. नव्यानं आखणाऱ्या कुणी ही वाट अशी आखली नसती. माशाच्या आराखड्यातच थोडी-थोडी दुरुस्ती होत गेली, तिचा हा पुरावा रोज आपल्या आवाजात चालतो.

आणि दवाखान्यात हे ज्ञान लागतं. माझ्या मावशीचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जननी आधीच सांगितलं होतं की आवाज काही दिवस बसेल, कारण ही नस त्या ग्रंथीला चिकटूनच वर येते. आवाज बसला आणि यथावकाश परतही आला, एकादशीच्या भजनाला ती पुन्हा बसते. बसलेल्या आवाजासाठी डॉक्टर कधी छातीचा एक्स-रे काढायला सांगतात तेही यासाठीच. हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा सुजून मोठा झाला, तरी या वळशावर दाब येतो.

प्रत्येक धड्याला हाच प्रश्न विचार. उत्सर्जनात मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि दीड लिटरच्या आसपास बाहेर टाकतात, बाकीचं परत घेतात. बहुतेक मासे शरीरातला टाकाऊ अमोनिया तसाच पाण्यात सोडतात. जमिनीवर आल्यावर पाणी जपायची वेळ आली. आपण युरिया करतो, पाली आणि पक्षी युरिक ॲसिड. भिंतीवर पालीच्या विष्ठेच्या टोकाला जो पांढरा ठिपका दिसतो, तो तोच.

भाषेचं म्हणशील तर आकृत्यांची नावं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिही, पेपर त्यातच आहे. पण धडा समजला का हे तपासायला तो रात्री आईला मराठीत सांग. जिथं अडशील तिथं परत पुस्तक उघड.

प्रश्न : शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या एन.सी.ई.आर.टी.नं दहावीतून उत्क्रांती काढली असं वाचलं. मग मुलाला ती पुढं शिकायची कशाला? घरी आमची आई म्हणते, दशावतारात हेच सांगितलंय. मुलगा म्हणतो, माणूस माकडापासून झाला. रोज वाद. – एक पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : काढली हे खरं आहे. २०२३ मध्ये त्या धड्याच्या नावातलं ‘आनुवंशिकता’ राहिलं आणि ‘उत्क्रांती’ गेली. देशभरातल्या १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र काढून विरोध केला, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. बारावीला धडा आहे, पण दहावीनंतर कॉमर्सला किंवा आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला तो येणारच नाही. त्यालाही टी.बी.चा कोर्स अर्धा सोडायचा नाही आणि तेच कीटकनाशक दरवर्षी मारायचं नाही, हे कळायला हवं. मरायचे ते जंतू मरतात, टिकाव धरणारे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ मध्ये जी नैसर्गिक निवड मांडली ती हीच.

मुलाचं वाक्य दुरुस्त करा. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. दोघांचा पूर्वज एकच, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो आज नाही. पुरावा आपल्या पेशीत आहे : चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी फक्त टोकाला असणारी डी.एन.ए.ची रचना सापडते. दोन जुनी गुणसूत्रं तिथं टोकाला टोक लागून जुळली.

आईंशी वाद घालू नका. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम ऐकताना कुणालाही साम्य वाटेल. पण अवतार हेतूनं येतो, धर्म राखायला येतो, आणि कथेची सगळी किंमत त्या हेतूत आहे. उत्क्रांतीला हेतू नाही आणि शिडीही नाही. मासे संपून कासवं आली असं झालं नाही, मलप्रभेत आजही मासे आहेत आणि तेही आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलेत. कथा कथेच्या जागी ठेवा, मुलाच्या उत्तरपत्रिकेत ती येऊ देऊ नका.

प्रश्न : आमची निपाणीजवळ तंबाखू आहे. सकाळी पानं खुडायला गेलं की आईला गरगरतं, ओकारी येते. लोक म्हणतात तंबाखू चढली. आई तर तंबाखू खात नाही. याचं आमच्या अभ्यासात काही आहे का? – पी.यू. पहिलं वर्ष

उत्तर : आहे, आणि आधी आईचं बघू. निकोटीन पाण्यात विरघळतं आणि कातडीतून शिरतं. पहाटेचं दव पानावर असताना हात-बाह्या भिजतात आणि ते अंगात जातं. दव वाळल्याशिवाय खुडायला जायचं नाही. पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालायचे, भिजलेले कपडे लगेच बदलायचे, साबणानं हात धुवायचे. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना तंबाखूचं काम सांगूनच दाखवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे काम अजिबात देऊ नका.

आता अभ्यास. स्नायूंच्या धड्यात नस स्नायूला निरोप देते तो ॲसिटिलकोलीन या रसायनानं, हे वाचलं असशील. निरोप पोचला की एक एन्झाइम ते क्षणात तोडतं. निकोटीन निरोप घेणाऱ्या त्याच ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, पण ते एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. स्नायूंपेक्षा मेंदूतल्या आणि मज्जागुच्छांतल्या (मज्जापेशींच्या गाठींतल्या) ग्राहकांना ते लवकर लागतं, म्हणून आधी ओकारी, घाम, धडधड.

झाड निकोटीन करतं ते किड्यांसाठी. मुळांत तयार होतं, पानांत चढतं, पान खाल्लं गेलं की वाढतं. तुमच्याकडं शेंडा खुडून फुटवे काढतात, त्यानंही वाढतं, झाडाला ती जखमच. किड्याच्या मेंदूत निरोप्या ॲसिटिलकोलीनच आहे, म्हणून किडा मरतो. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारता ना, त्याचा मारा याच जागी. किड्याचा आणि आईचा ग्राहक सारखा, कारण पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका सामाईक पूर्वजाकडे तो होता आणि दोन्ही वंशांनी तो टिकवला. तंबाखूवर वाढणारी अळी मात्र हे विष शरीराबाहेर टाकते. तशा अळ्याच त्या पानांवर जगल्या.

प्रश्न : समजात (मूळ घडण एक) आणि समवृत्ती (काम सारखं, मूळ वेगळं) अवयव परीक्षेत नेहमी चुकतात. वटवाघळाचा पंख नक्की कशात धरायचा? – एक विद्यार्थी, जांबोटी

उत्तर : कुणाशी तुलना करतोस त्यावर. तुझ्या हाताशी केलीस तर समजात : दंडाचं एक हाड, पुढं दोन, मनगट, पाच बोटं, आणि लांबलेल्या बोटांमध्ये कातडी ताणलेली. फुलपाखराच्या पंखाशी केलीस तर समवृत्ती, तिथं हाडच नाही. पक्ष्याशी तुलना आली की मुलं फसतात. हाडांच्या दृष्टीनं दोघांचे पुढचे पाय समजात, पण पंख म्हणून समवृत्ती, कारण उडणं दोघांनी वेगवेगळं कमावलं. पेपरात या दोन्ही ओळी लिही.

उदाहरण तुझ्याच खानापूर तालुक्यातलं दे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतल्या नमुन्यांवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली रॉटनच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन केलं. कित्येक वर्षं जगात त्याचा एवढाच ठिकाणा माहीत होता. बघायला म्हणून मित्रांना घेऊन निघू नकोस. गुहा भीमगड अभयारण्यात आहेत, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि दिवसा झोपेतून उठवलेली वटवाघळं पिल्लं टाकतात. हाडं मोजायची असतील तर कॉलेजच्या कपाटात सांगाडा आहे का विचार.