परसातल्या गावठी कोंबड्या एकेक करून जातायत. मुंगसाचं काम असेल का? काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चौदा कोंबड्यांतल्या पाच महिन्याभरात गेल्या, पिल्लू तर एकही टिकलं नाही, खुराड्याला चारी बाजूंनी जाळी आहे आणि शेजारी मुंगसासाठी फासकी लावा म्हणतायत. फासकी लावू नका, हे आधी सांगते. मुंगूस, घोरपड, रानमांजर, उदमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि एक मुंगूस गेलं की महिन्याभरात दुसरं त्याच वाटेने येतं, कारण तुमच्या खुराड्याची फट तशीच राहिलेली असते.

मी संगमेश्वराजवळच्या एका वाडीत राहते. सासूबाईंनी कोंबड्या पाळल्या, त्यांच्यानंतर वीसेक वर्षं मी पाळतेय. माझ्याही खूप गेल्यात, त्यामुळे तुमचा जीव कसा तुटत असेल ते कळतं.

कोणी नेली हे ओळखायला दोनच गोष्टी बघायच्या: कधी गेली आणि मागे काय राहिलं. भर दिवसा गेली आणि कुंपणाच्या कडेला मान किंवा डोकं चावलेली सापडली, तर बहुतेक मुंगूस. ते दिवसाच फिरतं, रात्री नाही. अंडी गायब आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप किंवा घोरपड, ती अख्खी गिळतात. तीन-चार एकदम फाडून तिथेच टाकलेल्या असतील तर मोकाट कुत्री. पिल्लू सकाळी उन्हात चरताना नुसतं नाहीसं झालं, तर वर बघा: शिक्रा, घार, कावळा. अंगावर एकही जखम नसलेली मेलेली कोंबडी सापडली, तर ती शिकार नव्हे, आजार असू शकतो. मान वाकडी होणं, हिरवट हगवण अशी लक्षणं असली तर राणीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) समजून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

रात्री खुराड्याच्या आतून गेली, तर पहिला संशय उदमांजरावर, ज्याला आमच्याकडे कांडेचोर म्हणतात. माझा सगळ्यात मोठा फटका तोच होता. त्या रात्री माळ्यावर आंबेमोहोर भात शिजल्यासारखा वास येत होता. हा वास त्याच्या अंगाचा असतो, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सकाळी खुराड्याचं दार जसंच्या तसं बंद, जाळी शाबूत, आणि आत तीन कोंबड्या मेलेल्या. अर्धा तास शोधत होते. शेवटी वर बघितलं, तर वळचणीजवळचं एक कौल चार बोटं सरकलेलं. कौलाच्या कडेला तांबूस पीस चिकटलं होतं, माझ्या तुरेवाल्या कोंबडीचं. मी चारी बाजू बघत राहिले होते आणि छप्पर कधी बघितलंच नव्हतं. तुमच्या पत्रातही चार बाजूंचाच उल्लेख आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता जाळी. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून षटकोनी घरांची पातळ जाळी देतात. ती कोंबडीला आत ठेवायला ठीक आहे, बाहेरच्याला अडवायला नाही. कुत्रं ती दाताने ओढून फाडतं आणि पावसाळ्यात ती गंजून हाताने तुटते. अर्धा इंच घराची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी घ्या, महाग पडते पण घ्या. सगळं खुराडं जमत नसेल तर निदान खालचे दोन फूट आणि हवेसाठी ठेवलेल्या वरच्या झडपा. छपराला आतून जाळी मारा, कौल सरकलं तरी वाट मिळणार नाही. दाराला नुसती सरकती कडी नको, कोयंड्यात खिळा अडकवा.

उकरून येणाऱ्यांसाठी एक उपाय मला सगळ्यात जास्त लागू पडला. जाळी खाली पुरण्याऐवजी भिंतीच्या पायापासून बाहेरच्या अंगाला दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरायची आणि वर चिऱ्याचे तुकडे ठेवायचे. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावून तिथेच उकरतं, पायाखाली जाळी लागली की थोडं मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. पावसाळ्यापूर्वी आम्ही घराच्या मागे हे केलं, त्यानंतर खालून एकही आत आलेलं नाही.

खुराड्याभोवती दहा फूट तरी गवत कापलेलं ठेवा. लाकडांची रास, जुन्या चिऱ्यांचा ढीग तिथून हलवा, मुंगसाला तीच आडोशाची जागा. रात्री दाणे सांडलेले ठेवू नका. दाण्याला उंदीर येतो, उंदरामागे साप.

पिल्लांचं गणित वेगळं आहे. एकवीस दिवस अंड्यांवर बसून कोंबडी पिल्लं काढते आणि पहिल्या दिवसापासून आपण तिला मोकळं सोडतो, तिथे चुकतं. पहिला महिनाभर पिल्लांसकट डालग्याखाली ठेवा, आपण समोर असू तेवढाच वेळ सोडा. मोकळी चरतात तिथे वरून आडोसा हवा: केळीचा बुंधा, अळवाचा वाफा, नाहीतर चार खुंटांवर नारळाचा झाप. कोंबड्याकडे कान ठेवा. आकाशात काही दिसलं तर तो एकच लांब कुर्रर्र काढतो आणि पिल्लं जागच्या जागी दबून बसतात. जमिनीवरून काही आलं तर टक-टक-टक असं तोडून ओरडत राहतो. दोन्ही आवाज ओळखायला आठवडाभर पुरतो, मग हातातलं काम टाकून नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

शिक्र्यासाठी आमच्याकडे मच्छीमारांचं जुनं जाळं वर ताणतात. चांगलं चालतं, पण ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. माझ्याकडे एकदा त्यात धामण अडकली होती, दोरा अंगात रुतून रक्त आलेलं. सर्पमित्राने कात्रीने एकेक फास कापून सोडवली, पाऊण तास लागला. असं काही झालं किंवा खुराड्यात साप दिसला, तर स्वतः हात घालू नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा दिवेलागणीला आतून हाक मारायच्या, “कोंबड्या झाकल्यास का गो?” त्या प्रश्नाला रोज ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. माझ्या गेलेल्या कोंबड्यांतल्या निम्म्या तरी दार लावायला उशीर झाला त्या संध्याकाळी गेल्या. कोंबड्या स्वतःहून आत जातात तेव्हाच, अंधार पडायच्या आत, मोजून दार लावायचं. एक कमी भरली तर तेव्हाच शोधायची, बहुतेकदा ती झाडावर बसलेली असते.

आज संध्याकाळी एवढं करा. चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती हातभर रुंद पसरा, दाराशी जरा जास्त. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघा. मांजराच्या पावलाला नखं उमटत नाहीत, मुंगसाच्या आणि कुत्र्याच्या उमटतात, साप नागमोडी रेघ काढून जातो. राखेत काहीच नसेल आणि तरी कोंबडी गेली असेल, तर शिडी लावून कौलं बघा. काय दिसलं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगते.