संप्रेरक-उपचार निष्प्रभ ठरल्यावर प्रोस्टेट कर्करोगात पुढे काय?

तुमच्या वडिलांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी करणारे इंजेक्शन चालू असूनही पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन) वाढत असेल, तर प्रथम रक्तातील टेस्टोस्टेरॉन प्रति डेसिलिटर ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी आहे का, हे तपासावे. ते कमी असूनही आजार वाढत असला, तरी इंजेक्शन सहसा बंद करत नाहीत. ॲबिराटेरोन हे संप्रेरक-उपचाराचे औषध निष्प्रभ ठरल्यावर लगेच एन्झालुटामाइड हे त्याच गटातले दुसरे औषध देऊन बहुधा फारसे साधत नाही, म्हणून प्रकृतीला झेपत असल्यास डोसेटॅक्सेल व त्यानंतर कॅबाझिटॅक्सेल ही केमोथेरपी मला अधिक भरवशाची वाटते. बीआरसीए जनुकांची (पेशीतील डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांची) तपासणी कृपया टाळू नका, कारण त्यांत दोष आढळल्यास ओलापॅरिब हे औषध उपयोगी पडते. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (कर्करोग-पेशींवरील पीएसएमए हे प्रथिन दाखवणाऱ्या तपासणीत) गाठी स्पष्ट दिसल्यास ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाच्या उपचाराचा विचार होतो, आणि तो मुंबईतही मिळतो. पाठदुखीसोबत पायांत अशक्तपणा आल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.