छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला पंजा कोणता? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बकेट काढून लोडरला (ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलणाऱ्या भुजांना) पंजा, म्हणजे ओंडके-फांद्या पकडणारा ग्रॅपल, कसा लावायचा याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळ्यांचे ट्रॅक्टर २० ते ३० एचपीचे आहेत. मोठ्या मशीनचा हिशेब इथे चालत नाही, म्हणून उत्तरांत आकडेमोड जरा जास्त आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचा.

प्रश्न : २७ एचपीचा फोर-व्हील ट्रॅक्टर आहे. लोडर गावातच बनवून घेतला, ‘५०० किलो उचलतो’ असं सांगितलं. जुनी द्राक्षबाग काढायची आहे, बांधावरची वेडी बाभूळही हटवायची आहे. चार फुटी पंजा १२५ किलोचा, पाच फुटी २१० किलोचा. कोणता घ्यावा? (निफाड, जि. नाशिक)

चार फुटी घ्या. पण आधी तो ५०० किलोचा आकडा कुठे मोजला ते विचारा. लोडरची ताकद बहुतेक वेळा बकेटच्या पिनेवर (जिथे बकेट भुजांना जोडलेली असते), तीही जमिनीलगत मोजून सांगतात. भुजा वर गेल्या की ताकद घटते, आणि वजन पिनेपासून जितकं पुढे तितकी आणखी घटते. पिनेवर ५०० सांगितलेला लोडर पिनेच्या दीड-पावणेदोन फूट पुढे, पूर्ण उंचीवर ३०० किलोच्या आसपास उचलत असेल, तर त्यात नवल नाही. पंजातला माल पिनेवर नसतो, पुढेच असतो. म्हणून हाच आकडा धरायचा.

आता वजाबाकी करा. पाच फुटी पंजा लावला की ३०० मधून २१० गेले, मालासाठी ९० किलो उरले. चार फुटी लावला तर १७५ उरले. बाभळीचं ओलं लाकूड जवळजवळ पाण्याइतकं जड असतं. एक फूट जाडीचा, सहा फूट लांबीचा ओंडका साधारण १३० किलो भरतो. चार फुटी पंजा तो उचलेल. पाच फुटी त्याला घट्ट धरेल, पण उचलणार नाही आणि तुम्ही लिव्हर ओढत बसाल.

रुंद पंजाचा मोह बकेटच्या सवयीतून येतो. बकेट चाकांच्या बाहेरपर्यंत पोचावी लागते, कारण ती चाकांसाठी वाट साफ करते. पंजाला हे काम नाही, त्यामुळे तो चाकांपेक्षा थोडा अरुंद असला तरी बिघडत नाही. उलट नऊ-दहा फुटांच्या ओळीत, दोन्ही बाजूंना अँगल आणि तारा असताना, वळताना अरुंद पंजाच सोयीचा पडतो.

लोडर खरंच किती उचलतो हे घरीच तपासता येतं. बकेटच्या मध्यावर ५० किलोच्या गोण्या एकेक ठेवत जा. मागे वजन लावलेलं असू द्या, जागा सपाट हवी, भुजांखाली कोणी उभं राहू नये. ज्या गोणीला लोडर छातीच्या उंचीवर थांबतो आणि रिलीफ वॉल्व्हचा (दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणाऱ्या वॉल्व्हचा) चिरका आवाज येतो, तिथे हद्द संपली. गोण्यांचं वजन अधिक बकेटचं वजन, हा तुमचा खरा आकडा. रिलीफ वॉल्व्हचा स्क्रू आवळून तो वाढवू नका. वाढलेला दाब पंप, पाइप आणि भुजांच्या वेल्डिंगवर जातो.

पंजा बनवून घेणार असाल तर दातांना १० मिमीची प्लेट पुरते. दातांमधलं अंतर सहा ते आठ इंच ठेवा. याहून जास्त ठेवलं तर छाटणीच्या काड्या गळतात, कमी ठेवलं तर मुळांबरोबर मातीही उचलली जाते आणि तिचं वजन फुकट वाहावं लागतं. दात मागच्या बाजूने एका आडव्या पाइपाने जोडलेले असावेत. सुट्या दाताला बाजूने धक्का बसला की तो वाकतो.

प्रश्न : पंजात ओंडका धरून चढावर वळलो की मागचं चाक हलकं होतं. टायरमध्ये पाणी भरलं की झालं ना? (मुळशी, जि. पुणे)

अर्धंच झालं. पाण्याने मागची चाकं जमिनीवर राहतील, पण पुढच्या एक्सलवरचा भार रत्तीभरही कमी होणार नाही, कारण ते पाणी मागच्या एक्सलवरच बसलेलं असतं. पुढचा भार हलका करायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे, लिफ्टवर (अवजारं जोडायच्या मागच्या भुजांवर), टांगावं लागतं.

पंजा आणि ओंडका मिळून २८० किलो, पुढच्या एक्सलपासून दीड मीटर पुढे आहेत असं धरा. दोन एक्सलमधलं अंतर १.५५ मीटर. मग मागच्या चाकांवरून सुमारे २७० किलो उचलले जातात आणि पुढच्या एक्सलवर सुमारे ५५० किलो जास्तीचे येतात. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलला हे झेपेलच असं नाही. त्याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, ती बघा. आता लिफ्टवर, मागच्या एक्सलपासून ९० सेंमी मागे, ३०० किलोचा ठोकळा टांगा. पुढचे जवळपास १७५ किलो कमी होतात, आणि मागच्या चाकांवर रिकाम्या ट्रॅक्टरपेक्षा २०० किलो जास्त राहतात.

ठोकळा घरी बनवता येतो. ६० × ५० × ४० सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा २८५ ते २९० किलोचा होतो. लिंकच्या पिना आणि सळ्या काँक्रीट ओतण्याआधीच साच्यात बसवा. पुढच्या टायरमध्ये लोडरच्या कामासाठी टायरवर छापलेल्या कमाल दाबाइतकी हवा ठेवा. चढावर आडवं वळू नका, आणि भरलेला पंजा गुडघ्याच्या वर नेऊन चालवू नका.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत ओहायोमध्ये असतो. मागच्या पाच एकरांत वाळलेली ॲशची झाडं आहेत. २५ एचपीच्या ट्रॅक्टरला कंपनीचाच लोडर आहे, पुढे स्किड स्टीअर (जागेवर वळणारं लोडर-मशीन) पद्धतीची झटपट जोडणी. एक झाकणाचा (वरून मिटणारा एकच जबडा असलेला) ग्रॅपल घ्यावा की दोन झाकणांचा? दुकानदार ६० इंची, दोन झाकणांचा सुचवतो.

एक झाकणाचा, ४८ इंची घ्या. वेड्यावाकड्या ढिगात दोन झाकणं आपापल्या उंचीवर बसतात, हा त्यांचा खरा फायदा. पण दुसरं झाकण, ते मिटवणारा दुसरा जॅक (हायड्रॉलिक सिलिंडर) आणि जास्तीचे पाइप यांचं वजन तुमच्याच उचलीतून जातं. ४८ इंचांत मधलं एक झाकण ओंडका नीट धरतं, फक्त ओंडका मधोमध घ्यायचा. जोडणी स्किड स्टीअर पद्धतीची आहे म्हणून स्किड स्टीअरसाठी बनवलेले तीन-चारशे किलोचे ग्रॅपलही तुमच्या लोडरवर बसतील. बसतात म्हणून घेऊ नका, वजनाचा आकडा लेखी मागा.

वाळलेलं ॲशचं लाकूड घनमीटरला सुमारे ७०० किलो धरा. १६ इंच जाडीचा आठ फुटी ओंडका २२० किलोच्या घरात जातो. हे तुमच्या लोडरला जड आहे. चार-चार फुटांचे तुकडे करा, मग एकेक ११० किलोचा होईल.

आता जे विचारलं नाहीत ते. तुमच्याकडची झाडं ज्या किडीने वाळत आहेत तो हिरवा भुंगेरा, एमराल्ड ॲश बोरर, अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगन राज्यात सापडला. त्याने मारलेलं झाड ठिसूळ होतं. अशा उभ्या झाडाला लोडरने ढकलू नका. बुंधा हलतो, आणि वरची फांदी तुटून सरळ सीटवर येते. डोक्यामागचा रोल बार ट्रॅक्टर उलटला तर वाचवतो, वरून पडणारी फांदी अडवत नाही. झाड जाणकाराकडून पाडून घ्या, ग्रॅपल फक्त जमिनीवर पडलेल्यासाठी वापरा. जळण म्हणूनही हे लाकूड दूर नेऊ नका, कारण कीड त्याच्यातून प्रवास करते.

प्रश्न : मर रोगाने गेलेली डाळिंबाची झाडं पंजाने उपटायची आहेत. मागच्या आठवड्यात कोपऱ्याचा दात वाकला. पंजा कच्चा आहे का? (सांगोला, जि. सोलापूर)

पंजा कच्चा असेलही, पण उपटण्याची पद्धत चुकली असण्याची शक्यता जास्त आहे. कोपऱ्याचा एकच दात मुळाखाली घालून उचललं की सगळ्या लोडरचा जोर त्या एका दातावर येतो, आणि एकाच भुजेवर भार आल्याने लोडरची चौकटही पिळवटते. दात सरळ करता येतो. पिळलेली चौकट सरळ होत नाही.

आधी फांद्या छाटून दोन-अडीच फुटांचं खोड ठेवा. चारही बाजूंनी दीड फुटावर फावड्याने किंवा सबसॉयलरने (जमीन खोल फाडणाऱ्या अवजाराने) मुळं तोडा. मग मधले दोन-तीन दात खोडाखाली घाला, झाकण मिटवा आणि भुजा न उचलता पंजा मागे वळवा. वळवण्याचा जोर उचलण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो, आणि मूळ सुटतं ते त्यानेच. तरीही सुटलं नाही तर थांबा, पुन्हा मुळं तोडा. साखळी लावून ओढायचंच झालं तर ट्रॅक्टरच्या मागच्या ड्रॉबारला लावा. टॉप लिंकला (लिफ्टच्या वरच्या दांडीला) साखळी बांधली तर ट्रॅक्टर पुढून उठून मागे उलटतो.

तुमच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट मातीची. मर रोगाची बुरशी मुळांतून आणि मातीतून पसरते. पंजात मुळांचा गड्डा धरून निरोगी ओळींमधून नेलात तर वाटभर रोग सांडत जाल. गड्डा खड्ड्यातच झटका, बागेच्या कडेने बाहेर काढा, झाड जाळून टाका, आणि पंजा व चाकं धुतल्याशिवाय चांगल्या ओळींत ट्रॅक्टर घालू नका.

प्रश्न : गोठ्यातलं शेणखत आणि मक्याचा हिरवा चारा, दोन्हीला बाभळीचा पंजा चालेल का? (संगमनेर, जि. अहिल्यानगर)

चाऱ्याला चालेल, शेणखताला नाही, ते सहा इंची फटीतून खाली पडेल. त्यासाठी दोन-अडीच इंचांवर सळ्या असलेला काटा आणि वर झाकण, असा पंजा लागतो. तुमच्याकडे चांगली बकेट असेल तर तिलाच वर झाकण आणि जॅक बसवून घेणं स्वस्त पडेल. झाकणाचे कान बकेटच्या पातळ पत्र्याला वेल्ड करू नका, मागच्या जाड पट्टीला करा.

प्रश्न : पंजाच्या जॅकला तेल कुठून द्यायचं? एक मेकॅनिक मागच्या वॉल्व्हवरून पाइप पुढे आणू म्हणतो, दुसरा बटणाचा वॉल्व्ह सांगतो. शिवाय मित्राच्या पंजात धरलेला ओंडका पाच मिनिटांत सैल होतो, तसं आपल्याकडे होऊ नये. (बारामती, जि. पुणे)

लोडर अजून बनायचा असेल तर तीन लिव्हरचा वॉल्व्हच मागा. दोन लिव्हर भुजा आणि बकेटसाठी, तिसरी पंजासाठी. यापेक्षा साधं काही नाही. लोडरवर दोन लिव्हरचा वॉल्व्ह आधीच असेल तर बटणाचा डायव्हर्टर चालतो. बटण दाबलं की बकेट वळवणारं तेल पंजाकडे जातं. अडचण एवढीच की वळवणं आणि मिटवणं एकाच वेळी होत नाही. मागच्या वॉल्व्हवरून पाइप आणले तर स्वस्त पडतं, पण प्रत्येक वेळी हात मागे न्यावा लागतो, आणि ओंडका हवेत असताना नजर पुढेच हवी.

तेल कमी पडेल याची काळजी नको. ५० मिमी बोअर आणि २०० मिमी स्ट्रोकच्या जॅकला जेमतेम ४०० मिली तेल लागतं. मिनिटाला १५ लिटर देणारा पंप तो दीड-दोन सेकंदांत मिटवतो.

पाइप ३/८ इंची, दोन जाळीचा (आत पोलादी तारेचे दोन थर असलेला) घ्या. एक जाळीच्या पाइपाची मर्यादा १८० बारच्या आसपास असते, म्हणजे ट्रॅक्टरच्या दाबाला अगदी टेकलेली. दोन जाळीचा ३३० बार सोसतो. काट्यांतून जाणाऱ्या पाइपावर जाड बाही चढवा.

जोडणीत सगळ्यात जास्त होणारी चूक अशी : लोडरच्या वॉल्व्हमधून तेल पुढे लिफ्टकडे न्यायचं असतं, आणि मेकॅनिक ते वॉल्व्हच्या टाकीकडच्या तोंडातून (जिथून तेल टाकीत परत जातं) नेतो. लिफ्टवर भार आला की तो दाब टाकीच्या तोंडावर उलटतो. ती बाजू दाबासाठी बनवलेलीच नसते, त्यामुळे सील फुटतात, कधी वॉल्व्हचं बिडाचं अंगच तडकतं. पुढे तेल नेण्यासाठी वॉल्व्हला पॉवर बियॉन्डचं वेगळं तोंड असतं, आणि त्याची बाही आत बसवलेली लागते. लिफ्टकडे जाणारा पाइप त्यालाच लावायचा आणि टाकीचा पाइप स्वतंत्रपणे टाकीत सोडायचा. मेकॅनिकने काम संपवलं म्हटलं तरी हे दोन पाइप स्वतः डोळ्यांनी शोधा.

मित्राचा पंजा सैल होतो तो बहुधा वॉल्व्हच्या आतल्या गळतीने. जॅकलाच पायलट चेक वॉल्व्ह बसवला की लिव्हर ढकलेपर्यंत तेल सुटत नाही, पाइप फुटला तरी ओंडका पडत नाही. जॅकचा सील तपासायचा तर पंजा रिकामा पूर्ण मिटवा, इंजिन बंद करून दाब सोडा, रॉडकडचा पाइप काढून त्याला टोपी लावा. मग इंजिन सुरू करून मिटवण्याची लिव्हर धरा. जॅकच्या उघड्या तोंडातून तेल येतच राहिलं तर सील गेला. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. त्या दाबाची बारीक धार कातडीत शिरते, वरून टोचल्याएवढं दिसतं आणि आत हात सडू लागतो. असं झालं तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.

शेवटचं, उन्हाळ्यासाठी. पंजा सोडून उन्हात ठेवला की पाइपातलं तेल फुगतं आणि संध्याकाळी कपलर (पाइप जोडणारे झटपट सांधे) बसत नाहीत. सोडण्याआधी पंजा जमिनीवर टेकवून इंजिन बंद करा, पंजाची लिव्हर दोन्हीकडे तीन-चार वेळा हलवा, मगच कपलर काढा. डायव्हर्टर असेल तर किल्ली चालू ठेवून, बटण दाबून धरूनच लिव्हर हलवा, नाहीतर दाब पंजाच्या पाइपात तसाच राहतो. कपलरवर हातोडा मारू नका.