क्ले शूटिंगला पहिल्यांदा जाताय? बार काढण्याआधी बंदूक उघडायला शिका

तुमचा प्रश्न असा: ऑफिसने लंडनजवळच्या सरेमधल्या एका मैदानावर सहकुटुंब क्ले शूटिंगचा, म्हणजे हवेत उडवलेली तबकडी बंदुकीने टिपण्याचा, दिवस ठरवलाय. चौदा वर्षांच्या मुलाने पुण्यात दोन वर्षं एअर रायफल केली आहे, त्यामुळे तो नाचतोय आणि त्याच्या आईच्या पोटात गोळा आलाय. यात धोका किती?

जा, खुशाल जा. मी सोळा वर्षं इंग्लंडात क्ले मारतोय आणि रविवारी क्लबात नवशिक्यांच्या मागे उभा राहतो, त्या भरवशावर सांगतो. फक्त मुलाला सांगा की रायफल रेंजची शिस्त इथे अर्धीच कामाला येते. तिथे नेमबाज आपल्या जागी, बंदुकीचं तोंड कायम टार्गेटकडे आणि सगळे एका रेषेत. इथे तबकडी उडते, तिच्यामागे नळी फिरते. स्पोर्टिंग प्रकारात तर माणसं बंदूक घेऊन एका स्टँडवरून, म्हणजे बार काढायच्या जागेवरून, दुसऱ्या स्टँडवर चालत जातात. वाटेत पोरं असतात, कुत्री असतात, हातात चहा घेतलेले बघे असतात.

म्हणून मला बार काढणाऱ्या माणसाची फारशी भीती वाटत नाही. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. भीती वाटते ती बार काढून झाल्यावर वळणाऱ्याची.

हे मी स्वतः करून बसलोय. तिसरीच वेळ होती. पहिल्या बारात तबकडीचा भुगा झाला आणि मी बत्तिशी दाखवत मित्रांकडे वळलो. बंदूक मिटलेली, दुसऱ्या नळीत काडतूस भरलेलं. मी पुरता वळायच्या आत प्रशिक्षकाने नळ्या मुठीत धरून पुन्हा मैदानाकडे ढकलल्या. ओरडला नाही. बंदूक उघडली, काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या दिवशी मी पुन्हा बंदूक मागितली नाही.

तुम्हाला बहुधा एकावर एक नळ्या असलेली, मधून मोडून उघडणारी बंदूक देतील. ती उघडली की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो आणि ती रिकामी आहे हे लांबूनही कळतं. नियम एवढाच: स्टँडवर उभं राहिल्यावर, तोंड मैदानाकडे असताना, तबकडी मागवण्याच्या बेतात असाल तेव्हाच मिटायची, वळण्याआधी उघडायची. 'सेफ्टी लावली आहे' हे उत्तर इथे चालत नाही. बहुतेक बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, काडतूस उडवणारे आतले घोडे ताणलेलेच राहतात. स्पोर्टिंगच्या स्टँडला बहुधा पिंजऱ्यासारखी चौकट असते, ती याचसाठी: नळी डावी-उजवीकडे ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊच नये. माझ्या पहिल्या मैदानावर ती नव्हती.

आता काडतुसं. मुलाला वीस बोअरची हलकी बंदूक देतील, तुम्हाला बारा बोअरची. बोअर हे नळीचं माप, आणि आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. दोघांची काडतुसं एका खिशात कधीही नकोत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर ते मागच्या खोबणीत न थांबता पुढे घसरतं आणि नळी जिथे अरुंद होते तिथे अडकतं. मागून पाहिलं तर जागा रिकामी. चाप ओढला तर नुसतं 'टक'. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो मागे बाराचं काडतूस भरतो आणि बार काढतो. नळी फाटते ती नेमकी पुढच्या हाताच्या जवळ. वीसच्या काडतुसाचा रंग पिवळा ठेवतात तो यासाठी. मागे एकदा मित्राचं जाकीट उसनं घेतलं, तर खिशाच्या तळाशी एक पिवळं काडतूस निघालं. तेव्हापासून खिसे उलटे करून झटकल्याशिवाय मी स्टँडवर जात नाही.

याच ओघात: चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर बंदूक उघडायची घाई नको. तोंड मैदानाकडे धरून अर्धा मिनिट थांबा आणि प्रशिक्षकाला सांगा. बार 'फुस्स' झाला, तर दुसरा बार काढूच नका. छर्‍यांमागचा बूच नळीत अडकलेला असू शकतो.

बंदुकीइतकाच मान तबकडी फेकणाऱ्या ट्रॅप मशीनला द्या. पोरं तिकडेच धावतात. तबकडी 110 मिलिमीटरची, वजनाने शंभर ग्रॅमच्या थोडी वर. तिला फेकणाऱ्या हाताची स्प्रिंग हाडाचा तुकडा पाडेल अशी. बॅटरी काढली तरी हात ताणलेलाच राहू शकतो. तो सोडवून घेईपर्यंत मशीन बंद झालं असं समजायचं नाही. पाहुण्यांनी मशीनजवळ जायचं कामच नाही.

आता मैदानाबद्दल. क्लेचे बारीक छर्रे साधारण दोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात, म्हणून समोर 275 मीटरची मोकळी जागा राखायची इथे रीत आहे. तेव्हा 'जरा पुढे जाऊन फोटो काढतो' हे डोक्यातून काढा.

कान आणि डोळे झाकणं सक्तीचं असतं आणि बघ्यांनाही ते लागू आहे. बंदुकीचा एक बार 150 डेसिबलच्या घरात जातो. लहानपणी सुतळी बॉम्बनंतर कानात जी शिट्टी वाजायची, ती इथे कायमची वस्तीला येऊ शकते. माझ्या डाव्या कानात आहे, पहिल्या दोन वर्षांच्या आळसाची कमाई. चष्मा घालायचा तो तबकडीच्या तुकड्यांसाठी, वाऱ्याबरोबर ते मागे येतात.

कायद्याची भीती नको. 1968 च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 11(6) प्रमाणे, पोलिसांनी मंजूर केलेल्या जागी आणि वेळी कृत्रिम लक्ष्यावर शॉटगन, म्हणजे हीच छर्‍यांची बंदूक, चालवायला पाहुण्याला स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे परवाना, लागत नाही. ही सवलत त्या मैदानाकडे आहे का, एवढं ऑफिसमार्फत विचारून घ्या. पंधराच्या आतल्या मुलासोबत एकवीस किंवा त्याहून मोठ्या माणसाची देखरेख हवीच. ती प्रशिक्षकच करेल, तुम्ही मध्ये सूचना देऊ नका. एका वेळी दोन जण शिकवू लागले की पोरगं मान वळवून बापाकडे बघतं, आणि मानेबरोबर नळी वळते.

बंदूक त्याच्या मापाची आहे का ते मात्र बघा. खांद्याला टेकवायचा दस्ता लांब पडला तर तो मागे रेलून उभा राहील आणि दुसऱ्या धक्क्याला तोल जाईल. सुरुवातीला नळीत एकच काडतूस भरायला सांगा. वीस-पंचवीस बारांनंतर त्याचे हात भरून येतील, तोंडाने तो कबूल करणार नाही. नळी खाली झुकायला लागली की 'चल, सँडविच खाऊ' म्हणा. खाण्याआधी हात साबणाने धुवायला लावा, काडतुसातलं शिसं बोटांना लागतं. बिअर शेवटचा बार झाल्यावर. तुमची साहेब मंडळी आधीच उघडतील, तुम्ही थांबा.

आणि सकाळी वेळेवर पोचा. सुरक्षेची माहिती पहिल्या वीस मिनिटांतच देतात, आणि लंडनभोवतीच्या M25 महामार्गावर अडकलो म्हणून उशिरा आलेल्यांना ती कोणीतरी घाईघाईत अर्धीमुर्धी ऐकवतं.